पिसं नकोत, तोंड उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याकडे तुमचं शेत. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ‘ओरिजनल कडकनाथ’, म्हणजे आतूनही काळ्या असणाऱ्या कोंबड्यांची जात, म्हणून वीस पिल्लं घेतलीत, त्यातला एक कोंबडा आणि चार कोंबड्या उरल्या. यंदा पहिल्यांदा त्यांचीच अंडी उबवून चौदा पिल्लं निघाली. त्यातली तीन मोठी होताना वेगळी दिसायला लागली : पिसं काळी, पायही राखाडी, पण कातडी पांढरी, जीभ गुलाबी, तुरा लालभडक. विक्रेता म्हणतो, “तुमच्याकडच्या हवेमुळे होतं तसं.” तुम्ही विचारताय की फसवणूक झाली का, कोंबड्या खुडूक का होत नाहीत म्हणजे अंडी उबवायला का बसत नाहीत, आणि तीस-चाळीस पक्ष्यांत ही जात शुद्ध ठेवणं जमेल का.

हवेमुळे असलं काही होत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआतून ट्रेनने काश्मीरला नेलं तरी कडकनाथाचं पिल्लू आतून काळंच निपजतं. तुमच्या तीन पिल्लांनी त्यांच्या आजीचं नाव सांगितलंय, एवढंच. आणि ती आजी साधी देशी कोंबडी होती.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडचा. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा ओलांडली की आलिराजपूर लागतं, त्याच्या वर झाबुआ, बाजूला धार. हा या पक्ष्याचा मूळ मुलूख. तिथले भिल्ल आणि भिलाला त्याला ‘कालामासी’ म्हणतात, काळ्या मांसाची. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे डालग्यांतून काळे पक्षी येताना मी लहानपणापासून पाहिलेत. त्या काळी कुणी त्याला दुर्मिळ म्हणत नव्हतं, देवीला लागायचा म्हणून घरोघरी दोन-चार असायचे. मी स्वतः गेली चौदा वर्षं पाळतोय. पहिली चार वर्षं चुकीचं पाळलं, ते पुढे सांगतो.

आधी रंगाचा हिशोब. कारण सगळी फसवणूक रंगातच आहे.

कडकनाथाची कातडी, हाडावरचा पापुद्रा, श्वासनळी, स्नायूंवरचं आवरण, सगळं काळं असतं ते मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा या जातीत दुप्पट झालेला आहे, आणि त्यामुळे पिल्लू अंड्यात वाढत असतानाच रंगपेशी नको तिथे पसरतात. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी यांच्यातही हाच बदल सापडतो. (रक्त मात्र लालच असतं, जरा गडद दिसतं इतकंच. आणि अंडंही काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळी अंडी विकणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा.)

आता मुख्य गोष्ट : हा काळेपणा वरचढ आहे. आई किंवा बाप, एकाच बाजूने आला तरी पिल्लू काळं दिसू शकतं. म्हणजे अर्धं देशी रक्त असलेला पक्षीही काळा कडकनाथ म्हणून खपतो. असे दोन अर्धवट पक्षी एकत्र आले की त्यांच्या पिल्लांत सरासरी चौथा हिस्सा पांढऱ्या कातडीचा निघतो. चौदाचा चौथा हिस्सा साडेतीन. तुमची तीन निघाली. याचा अर्थ तुमचा कोंबडा नक्कीच भेसळीचा, आणि चारपैकी निदान एक कोंबडी तशीच. त्या तिघांचे पाय राखाडी आहेत म्हणून विक्रेत्याने तुम्हाला “पाय बघा की” असं म्हटलं असणार. राखाडी पाय आपल्या कितीतरी देशी कोंबड्यांना असतात. पायावरून कडकनाथ ओळखू नये, पिसांवरून तर मुळीच नाही.

यातली एक युक्ती सगळ्यांना कळायला हवी. काळेपणाला दाबून टाकणारं आणखी एक जनुक असतं, पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत ते असतं, आणि ते नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. कोंबडी हे जनुक आपल्या मुलाला देते, मुलीला देऊ शकत नाही. त्यामुळे अस्सल कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या कोंबड्यांवर सोडला, तर त्यांच्या मुली बापासारख्या काळ्याकुट्ट निघतात आणि मुलगे फिके. उलटं केलं, म्हणजे कोंबडा साधा आणि कोंबडी कडकनाथ, तर सगळीच पिल्लं फिकी. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी सिल्की कोंबड्यांवर प्रयोग करून हे कोडं १९११ साली छापलं होतं. आपल्या बाजारातल्या माणसाने त्यांचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याला धंद्याने तेच शिकवलंय : एक चांगला काळा कोंबडा आणायचा, तो स्वस्तातल्या कोंबड्यांत सोडायचा, फिके नर मटणाला काढायचे आणि काळ्या तलंगा (तरुण माद्या) ‘प्युअर’ म्हणून महाग विकायच्या. म्हणून कुणी नुसत्या माद्याच देत असेल आणि “नर संपले” म्हणत असेल तर मला तरी शंका येते. पिल्लांचे बाप आणि भाऊ दाखव म्हणा.

पक्षी घेताना मी काय बघतो ते सांगतो. पक्षी बगलेत धरायचा, अंगठ्याने चोच उघडायची आणि उन्हाकडे तोंड करून आत बघायचं. जीभ आणि टाळू गडद राखाडी-जांभळट हवेत. गुलाबी डाग दिसला तर खाली ठेवायचा. मग पंख पसरून बगलेतली उघडी कातडी बघायची, शेपटीखाली फुंकर मारून तिथली बघायची. तुरा आणि हनुवटीखालची लोंबती कातडी जांभळट-काळपट असते. माजावर आलेल्या कोंबड्याचा तुरा लालसर झाक मारतो, त्याला घाबरू नका, लालभडक मात्र नको. एक दिवसाचं पिल्लू निळसर काळं असतं आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात.

पिसांबद्दल मात्र मोकळं मन ठेवा. कडकनाथात तीन प्रकार पूर्वापार आहेत : पूर्ण काळा, पेन्सिल्ड म्हणजे मानेवर पांढऱ्या रेघांचा, आणि सोनेरी मानेचा. तिन्ही आतून सारखेच काळे, तिन्ही अस्सल. पण गिऱ्हाईकाला फोटोत काळाकुट्टच हवा असतो, म्हणून लोक सोनेरी पक्षी कापून टाकतात. माझ्याकडे एका पाहुण्याने सोनेरी कोंबडा बघून “हा तर गावठी” म्हटलं होतं. त्याच वेळी त्याने जो काळा कोंबडा पसंत केला तो मी स्वतःच बाजूला काढलेला होता, त्याच्या टाळूला गुलाबी ठिपका होता. भेसळीइतकंच नुकसान या जातीचं अशा काळ्याच्या हट्टानेही होतंय असं माझं मत आहे. हट्ट काळ्या पिसांचा, आणि हरवतात बाकीचे गुण.

तर तुमच्या पाच पक्ष्यांचं काय करायचं? कोंबडा भेसळीचा हे ठरलं. कोंबड्यांपैकी कोणती स्वच्छ ते तपासता येतं : त्या पांढऱ्या कातडीच्या तिघांत एखादा नर असेल तर तो मोठा होऊ द्या, एकेका कोंबडीबरोबर वेगळा ठेवा, आणि तिची पिल्लं बघा. कोंबडी भेसळीची असेल तर तिची निम्मी पिल्लं पांढरी निघतील. ओळीने सात पिल्लं काळी निघाली तर ती स्वच्छ असण्याबद्दल पैज लावायला हरकत नाही, कारण भेसळीच्या कोंबडीला सातही काळी होण्याचा योग १२८ मध्ये एकदा येतो. पण खरं सांगू का, चार कोंबड्यांसाठी हा खटाटोप मी करणार नाही. त्यातून काळेपणा स्वच्छ झाल्याचं कळेल, उरलेल्या हजारो जनुकांत देशी किती आहे ते कळणार नाही. नव्याने सुरुवात करा.

सुरुवात कुठून, तर खात्रीच्या ठिकाणाहून. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची हॅचरी आहे, सरकारी कुक्कुट प्रक्षेत्रांवरही पिल्लं मिळतात. नंबर लावावा लागतो, महिनोन्‌महिने थांबावं लागतं, पण थांबा. आणि एकाच ठिकाणाहून सगळी घेऊ नका. दोन, जमल्यास तीन वेगळ्या ठिकाणांहून घ्या.

दोन-तीन ठिकाणं का, ते सांगतो. इथेच मी चार वर्षं चुकलो. माझ्याकडे एक देखणा कोंबडा होता. दीड किलोच्या वर, छाती पुढे, तोंड आतून डांबरासारखं. मी सगळ्या कोंबड्या त्याच्याचकडे ठेवल्या, मग त्याच्या मुली त्याच्याचकडे ठेवल्या. तिसऱ्या वर्षी अंडी भरेनात, म्हणजे आत पिल्लू धरेना, भरली तरी पिल्लं अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कवचात मरायची, निघालेल्यांत वाकड्या बोटांची. मी खाद्याला दोष दिला, इन्क्युबेटर बदलला. दोष त्या देखण्या कोंबड्याच्या एकटेपणाचा होता.

हिशोब सोपा आहे. नर आणि मादी यांचा गुणाकार, त्याची चौपट, भागिले नर-मादींची बेरीज. हा आकडा म्हणजे जनुकांच्या दृष्टीने तुमचा कळप खरोखर केवढा. तुमचा एक कोंबडा आणि चार कोंबड्या : सोळा भागिले पाच, म्हणजे ३.२. डोक्यांनी पाच, प्रत्यक्षात तीन. एकला या आकड्याच्या दुपटीने भागलं की एका पिढीत रक्ताची जवळीक किती वाढते ते येतं : इथे साडेपंधरा टक्क्यांच्या वर. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पिल्लांत ही जवळीक २५ टक्के असते, म्हणजे दोन पिढ्यांत तुम्ही त्याच्याही पुढे जाल. एक कोंबडा ठेवून कोंबड्या चाराच्या दहा केल्या तरी आकडा ३.६ वरच अडकतो. मात्र चार कोंबडे आणि चोवीस कोंबड्या ठेवल्या की तो १३.७ होतो आणि पिढीमागची वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. तुम्ही म्हणता त्या तीस पक्ष्यांतच हे बसतं. फरक माद्यांच्या संख्येने पडत नाही, नरांच्या संख्येने पडतो. जास्तीचे कोंबडे फुकट खातात असं घरचे म्हणतील. म्हणू द्या.

मी आता असं करतो. चार वाडे, चार रंग : लाल, पिवळा, निळा, पांढरा. प्रत्येक पक्ष्याच्या पायात त्याच्या वाड्याच्या रंगाचं प्लास्टिकचं कडं. मुली आईच्याच वाड्यात राहतात. मुलगे पुढच्या वाड्यात जातात : लालचे पिवळ्यात, पिवळ्याचे निळ्यात, निळ्याचे पांढऱ्यात, पांढऱ्याचे लालमध्ये. एवढा एक नियम पाळला की वही नीट न लिहिणाऱ्याच्या कळपातही भाऊ-बहिणीचं लग्न लागत नाही. वाडे वर्षभर वेगळे लागत नाहीत, उबवणीची अंडी गोळा करायचे दोन महिने पुरतात. फक्त कोंबडा बदलल्यावर तीन आठवड्यांतली अंडी खायला वापरा, उबवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, आणि त्या काळातल्या पिल्लाचा बाप कोण ते देवच जाणे.

खुडूकपणाचं म्हणाल तर तुमच्या कोंबड्यांचं काही चुकलेलं नाही. कडकनाथ कोंबडी क्वचितच अंड्यावर बसते, आणि बसली तरी मध्येच उठून जाते. झाबुआकडे लोक तिची अंडी देशी कोंबडीखालीच ठेवतात. त्यामुळे दोन-तीन चांगल्या रागीट देशी कोंबड्या पाळा, पण त्यांना कडकनाथ कोंबड्यांपासून लांब ठेवा आणि त्यांची स्वतःची अंडी दिसली की खाऊन टाका. एका कोंबडीखाली दहा-अकरा अंडी बस्स. सातव्या रात्री अंडं बॅटरीवर धरून बघायचं : आत कोळ्यासारखी लाल जाळी दिसली तर भरलेलं, काहीच नसेल तर काढायचं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या जातीचे जे आकडे दिलेत ते बघा : वीस आठवड्यांत वजन ९२० ग्रॅम, पहिलं अंडं सुमारे १८० दिवसांनी, वर्षाला १०५ अंडी, आणि अंडी भरण्याचं प्रमाण ५५ टक्के. म्हणजे शंभर अंड्यांतली पंचेचाळीस दिव्यावर धरली की कोरी. वाड्यात तरुण कोंबडा, मोकळं फिरणं आणि आठ कोंबड्यांना एक नर असेल तर माझ्याकडे यापेक्षा बरं जमतं, पण मनाची तयारी याच आकड्यावर करा. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो. त्याच्याशी तुलना करून गणित मांडलेलं कुणी दाखवलं तर तो कागद चुलीत घाला.

इन्क्युबेटर असेल तर साडेसदतीस अंश, दमटपणा पंचावन्न-साठ टक्के, दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवणं, आणि अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून दमटपणा वाढवणं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. पावसात तुमच्याकडे वीज जाते असं तुम्ही लिहिलंय, तर मशीनपेक्षा रागीट कोंबडीवर जास्त भरवसा ठेवा, तिला इन्व्हर्टर लागत नाही.

पिल्लं लहान आणि चपळ असतात. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लं सांगतात : दिव्याखाली एकावर एक चढली तर थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली तर उकाडा, गोलाकार पसरून चिवचिवत खात असली तर ठीक. कोपरे पुठ्ठा लावून गोल करून घ्या, कारण कोपऱ्यात ढीग होऊन खालची गुदमरतात. पहिले आठ आठवडे चिक स्टार्टर द्या, इथे कंजूषी करू नका. मग हळूहळू ज्वारी-बाजरी, तांदळाची कणी, शेवग्याचा पाला, परसातला किडा-मुंगी. बुरशी आलेला मका स्वस्त मिळाला तरी आणू नका, त्यातलं विष यकृत खातं आणि लसही लागू पडू देत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत.

आमच्याकडची एक जुनी रीत : फुटकं मडकं ओल्या शेणाने, कडब्याच्या तुकड्यांनी आणि गोणपाटाने भरायचं आणि संध्याकाळी वारुळाजवळ उपडं घालायचं. सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली. पिल्लांपुढे झटकलं की ती इतकी तुटून पडतात की दोन मिनिटांत जमीन साफ. फक्त जिथे वाळवीचं औषध मारलंय तिथलं मडकं आणू नका.

आता तुमच्या भागाबद्दल. कडकनाथ उन्हाच्या, खडकाळ, कोरड्या मुलखातला. ऊन आणि अर्धपोट त्याला चालतं, ओल चालत नाही. आजऱ्याचा पाऊस मी एकदाच बघितला, पण तेवढ्याने कळलं की तुमचा खरा शत्रू घार नाही की मुंगूस नाही, खुराड्यातली ओली गादी आहे. खालचा तूस ओला राहिला की रक्ती हगवण येते, तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं एका रात्रीत झोपतात. म्हणून खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, फळ्यांचं किंवा जाळीच्या तळाचं करा, पत्रा चारी बाजूंनी बाहेर काढा, पाण्याची भांडी गादीवर न ठेवता विटांवर ठेवा, तूस रोज हलवा, गोळे झालेला लगेच बाहेर फेका. शेण लालसर, रक्ताळलेलं दिसलं तर सगळ्यांना एकदमच पाण्यातून औषध द्यावं लागतं. औषध आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारून.

लसीबद्दल मी कडक आहे, कारण मानमोडीने (राणीखेत रोगाने) मला एकदा रस्त्यावर आणलंय. नवव्या वर्षी एका बाजारातून चार सुंदर कोंबडे आणले, रात्र झाली होती म्हणून सरळ वाड्यात सोडले. पाचव्या दिवशी एक मान वाकडी करून गोल फिरायला लागला. दहाव्या दिवसापर्यंत पंच्याऐंशीपैकी साठ गेले. त्यात लाल वाड्याच्या सगळ्या माद्या. ती ओळ आजही माझ्याकडे नाही, नंतर आणलेल्यांना लाल कडी घातली एवढंच. तेव्हापासून बाहेरचा पक्षी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यांत, आणि त्याला दाणा-पाणी सगळ्यात शेवटी. लसी अशा : मॅरेक्स रोगाची हॅचरीतच पहिल्या दिवशी, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा ही लस डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची आणि नंतर त्याचा बूस्टर, महिन्याने लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची, आठव्या-दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून. तुमच्या भागातलं वेळापत्रक दवाखान्यात एकदा पडताळून घ्या. छोट्या पाळणाऱ्याची अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आम्ही पाच-सहा घरांनी मिळून एक रविवार ठरवलाय, एकजण बर्फाच्या थर्मासात कुपी आणतो आणि दारोदार फिरतो. शेजारच्यांच्या गावठी कोंबड्यांनाही त्यातूनच टोचतो, कारण रोग कुंपण बघत नाही.

पैशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या यजमानांनी विचारलं असणारच. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि हवा झाली. पाठोपाठ महाराष्ट्रात ‘पिल्लं देऊ, अंडी परत घेऊ’ अशा करारांचं पीक आलं, आणि २०१९ मध्ये त्यातला मोठा भोपळा फुटला. शेतकऱ्यांच्या दारात पक्षी राहिले आणि खाद्याचे पैसे अंगावर आले. माझ्या ओळखीतली दोन घरं त्यात पोळली. म्हणून कुणी ‘अंडी आम्हीच घेऊ’ म्हणालं तर हात जोडा. मानांकनही झाबुआच्या मांसाचं आहे, आजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यावर ते नाव लावून विकता येत नाही. या मांसात प्रथिनं चांगली आणि चरबी फार कमी, हे खरं. मधुमेह जातो, कॅन्सर बरा होतो, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका आणि स्वतः तर गिऱ्हाइकाला सांगूच नका. मी जत्रेच्या दिवसांत थोडे पक्षी विकतो आणि बाकी वंशाचे कोंबडे, कड्याच्या रंगासकट, पाळणाऱ्यांनाच देतो. खाद्याचा खर्च सुटतो, वर थोडं उरतं. त्यावर घर चालत नाही. (शिजवायचं झालं तर कुकरला भरपूर वेळ द्या. आणि तुमच्याकडचा पांढरा रस्सा याचा करू नका, राखाडी होतो. माझ्या बायकोने करून बघितलाय.)

निवड करताना एक सवय लावून घ्या. दरवर्षी पावसाळा संपला की प्रत्येक वाड्यातून पुढच्या वर्षाचे दोन कोंबडे निवडा, एक वापरायचा आणि एक राखीव. निवडताना वजन शेवटी बघा. जो पावसाळाभर न शिंकता राहिला, घार दिसली की आधी ओरडला, ज्याच्या आईने जास्त महिने अंडी दिली, तो पुढे. निव्वळ मोठे निवडत गेलात तर दहा वर्षांत तुमच्याकडे काळा ब्रॉयलर उरेल.

राहता राहिला तुमचा तो कोंबडा, ज्याचं नाव मुलाने ‘ढगोबा’ ठेवलंय आणि जो कापायचा नाही असं घरात ठरलंय. नका कापू. मात्र नवी पिल्लं आली की त्याला वेगळ्या वाड्यात, त्याच्या त्या तीन पांढऱ्या कातडीच्या पिल्लांबरोबर ठेवा आणि त्यांच्या अंड्यांची पोळी करा. पायात कडं काळं घाला. आमच्याकडे काळं कडं म्हणजे ‘उबवायचं नाही’. आणि नवी पिल्लं दोन महिन्यांची झाली की प्रत्येकाची चोच उघडून आतला फोटो काढून पाठवा, पिसांचा नको. बघून सांगतो.